नोन्नाचे नियम

पहिल्यांदा शेजारच्या बाईंच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मी सुरी मागितली. समोर खोलगट ताटलीत टोमॅटोच्या सॉसमधली स्पॅगेटी होती, शेजारी माझी आठ वर्षांची मुलगी पांढरा टी-शर्ट घालून बसली होती, आणि पुढे काय होणार ते मला दिसत होतं. लहान मुलांना आपण पोळी कुस्करून देतो, तशी मी तिला स्पॅगेटी कापून देणार होते.

“सुरी कशाला?” बाईंनी विचारलं.

“हिला बारीक करून देते.”

त्या उठल्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मुलीच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी तिच्या हातासकट काटा धरला, दोन-तीन शेवया पकडल्या, काट्याची टोकं ताटलीच्या उताराला टेकवली आणि काटा फिरवला. सुपारीएवढी गुंडाळी झाली. ती त्यांनी तिच्या तोंडात घातली.

“दोन, फार तर तीन,” त्या म्हणाल्या. “हावरटपणा केला की गुंता होतो. पण कापायची नाही. कापायचीच असती तर आम्ही ती लांब कशाला केली असती?”

मी काट्याला आधार म्हणून चमचा उचलला. लोक तसं करताना मी कुठेतरी पाहिलं होतं. त्यांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. “चमचा सूपसाठी,” एवढंच म्हणाल्या.

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एक होती. त्या सत्तरी ओलांडलेल्या, रोमच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका गावच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून आयर्लंडला आल्या. नवऱ्याचं एका छोट्या गावात मासे आणि चिप्स विकायचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे बटाटे सोलले, तळले, त्यावर व्हिनेगर शिंपडून गिऱ्हाइकांच्या हातात दिले. दुकानात पास्ता कधी ठेवला नाही. “तो वरच्या मजल्यावर, घरात,” त्या सांगायच्या. “खाली धंदा, वर जेवण.” नवरा गेल्यावर दुकान दुसऱ्याला दिलं आणि स्टेशन जवळ म्हणून इथे राहायला आल्या. एकुलता मुलगा टोरांटोला होता.

आमचं घर तेव्हा दोन गावांत विभागलेलं होतं. नवऱ्याला पश्चिमेकडे शॅननला काम मिळालं होतं, तो सोमवार ते गुरुवार तिथे जवळच एनिसला खोली घेऊन राहायचा. मी लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात, बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये. मुलीची शाळा अडीचला सुटायची. तिला सांभाळणारी बाई एक दिवस गाव सोडून गेली. शाळेनंतर मुलांना ठेवतात तिथे नाव घातलं, पण यादी लांब होती. मी कुंपणापाशी कुणाशी तरी फोनवर हे सगळं बोलत होते, ते बाईंनी ऐकलं असावं. संध्याकाळी त्या दारात आल्या.

“मी आणेन तिला शाळेतून,” त्या म्हणाल्या. “मला एकटीसाठी पाणी उकळायचा कंटाळा येतो.”

महिन्याभरात मुलगी त्यांना नोन्ना म्हणायला लागली. इटालियनमध्ये आजी. मग आम्हीही. आम्ही बोलायचो इंग्रजीत, तिथे अहो-जाहोचा प्रश्नच नव्हता. पण मराठीत आठवताना माझ्या लक्षात येतं की सुरुवातीच्या त्या बाई माझ्या मनात ‘त्या’ होत्या आणि नोन्ना झाल्यावर ‘ती’ झाली. आपण आजीला अहो म्हणत नाही.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याकडेच जेवायचे. तिच्या स्वयंपाकघरात नियम होते. पास्ता कुणाची वाट बघत नाही, माणसांनी पास्त्याची वाट बघायची. म्हणून सगळे टेबलाशी बसल्याशिवाय ती उकळत्या पाण्यात काही सोडायची नाही. कुणी हात धुवायला गेलं असेल तरी पाकीट हातात धरून उभी राहायची. माशाच्या पास्त्यावर चीज घालायचं नाही. ताटलीत उरलेला सॉस पावाच्या तुकड्याने पुसून खायचा, पण तो घरात; चारचौघांत नाही. दूध घातलेली कॉफी सकाळी, फार तर अकरापर्यंत. जेवणाबरोबर कॉफी कधीच नाही. जेवण झालं, फळ झालं, की मग छोट्या कपात काळी कॉफी, आधी घोटभर पाणी पिऊन. आणि घरात आलेल्याला कॉफी विचारायची नाही, द्यायचीच. पहिल्यांदा मी सवयीने “नको, राहू दे” म्हटलं तेव्हा तिचा चेहरा असा पडला, की पुन्हा तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मला हे परकं वाटलं नाही. माझ्या आईने ताटात लोणचं उजवीकडे वाढलं म्हणून मला एकदा पाहुण्यांसमोर सगळं ताट पुन्हा वाढायला लावलं होतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. का, ते आईला सांगता यायचं नाही. नोन्नालाही यायचं नाही. “असंच असतं,” दोघीही म्हणायच्या. मुलीने मात्र आईच्या ताटाची डावी-उजवी कधी शिकून घेतली नाही आणि नोन्नाचे नियम पाठ केले. घरी मी मॅकरोनी जास्त शिजवली की ती आयरिश हेल काढून म्हणायची, “मम, नोन्ना हे खाणार नाही.” तिला मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत देते.

अशी दोन वर्षं गेली. ती वर्षं चांगली होती. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढचं आठवताना ती झाकून जातात.

मुलगी दहा वर्षांची असताना, ऑक्टोबरमधली गोष्ट. मी सुट्टीवर होते, टेबलाशी बसून मटार सोलत होते. पाणी उकळलं. नोन्नाने स्पॅगेटीची जुडी दोन्ही हातांत धरली आणि काडकन मधोमध मोडून पातेल्यात टाकली.

मी आणि मुलीने एकमेकींकडे पाहिलं.

“नोन्ना, तू मोडलीस,” मुलगी म्हणाली.

“काय मोडलं?”

“स्पॅगेटी.”

तिने पातेल्यात वाकून पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिली. “छोटं पातेलं आहे,” म्हणाली. पातेलं नेहमीचंच होतं.

मला वाटलं, हात दुखत असतील, थकली असेल. मग काही दिवसांनी जेवण झाल्यावर तिने माझ्यापुढे दूध घातलेली कॉफी ठेवली, मोठ्या मगमध्ये. मी ती प्यायले. एकदा मी नुसती निरोप सांगायला गेले आणि ती समोर बसून बोलत राहिली. कॉफीचं नावही काढलं नाही. मी निघताना तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं असावं, कारण ती दारापर्यंत आली आणि माझ्या हातात प्रेसमधलं, म्हणजे कपाटातलं, एक बिस्किटाचं पाकीट दिलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे मला तिनेच शिकवलं होतं.

नोव्हेंबरमध्ये मी विषय काढला. आम्ही दोघीच होतो.

“नोन्ना, आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? नुसतं दाखवायला.”

तिला लगेच कळलं. तोपर्यंत ती माझ्याकडे बघत होती; आता टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करायला लागली.

“त्याला सांगू नकोस,” ती म्हणाली. त्याला म्हणजे मुलाला. “तो घाबरेल. घाबरला की तो मला कुठेतरी नेऊन ठेवेल.”

“मी कशाला सांगू?” मी म्हणाले.

ते मी तिच्यासाठी म्हणाले असं त्या दिवशी मला वाटलं. डिसेंबरमध्ये तिच्या मुलाचा मला मेसेज आला. दर रविवारी तो तिला फोन करायचा, आणि माझा नंबर त्याच्याकडे होताच. त्याने लिहिलं होतं, ‘आई फोनवर जरा गोंधळलेली वाटते. तुम्हाला काही जाणवलं का?’ मी कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. वीस मिनिटांची सुट्टी होती. मी लिहिलं, ‘शी इज ग्रँड.’ आयर्लंडमध्ये सगळं ग्रँड, म्हणजे ठीकठाक, असतं, हवा, तब्येत, उशिरा आलेली ट्रेन. मी तोच शब्द लिहिला आणि फोन लॉकरमध्ये ठेवला.

मी का लिहिलं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. शाळेनंतरच्या जागेत आमचा नंबर जूनच्या आधी लागणार नव्हता. नवरा एनिसहून लवकर परत येणार नव्हता. नोन्नाने ‘सांगू नकोस’ म्हटलं होतं, ते मला सोयीचं होतं. मी स्वतःशी एक करार केला: जूनपर्यंत. मी मुलीला बजावून ठेवलं की नोन्ना हल्ली विसरते, तर तू लक्ष ठेव. दहा वर्षांच्या मुलीला मी म्हाताऱ्या माणसावर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि कामावर गेले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सुपरवायझरने मला आतून बोलावून घेतलं. आम्ही आत डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुटात असतो, फोन बाहेर असतो. तो म्हणाला, “तुझ्या मुलीचा फोन आहे. ती ठीक आहे. पण तू जा.”

मी पोचले तेव्हा दोघी नोन्नाच्या दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. घराच्या खिडक्या उघड्या होत्या आणि जळलेल्या रबराचा वास येत होता. नोन्नाचा उजवा हात ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. झालं असं की तिने कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं. ते इटालियन भांडं दोन मजली असतं, खालच्या भागात पाणी, मधे पूड, आणि कॉफी वर चढते. ती पाणी घालायला विसरली होती. भांडं कोरडंच तापत राहिलं, मूठ वितळली, आणि धुराचा अलार्म वाजायला लागला तेव्हा तिने ते उघड्या हाताने उचललं. माझ्या मुलीने गॅस बंद केला, तिचा हात दहा मिनिटं थंड पाण्याखाली धरला, खिडक्या उघडल्या, मग मला फोन केला. हे सगळं तिने मला क्रमाने सांगितलं, शाळेत सांगतात तसं.

नोन्ना माझ्याकडे बघून म्हणाली, “तुला कॉफी देता येत नाही आज. भांडं बिघडलंय.”

हॉस्पिटलला जाताना गाडीत मुलगी मागच्या सीटवर नोन्नाचा डावा हात धरून बसली होती. मी आरशात पाहत विचारलं, “असं याआधी झालं होतं?”

तिने नोन्नाच्या हातावरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाली, “दोनदा. मी गॅस बंद केला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू मला तिच्याकडे पाठवलं नसतंस.”

मी गाडी चालवत राहिले. आम्ही दोघींनी एकच गोष्ट लपवली होती. तिने तिला नोन्ना हवी होती म्हणून लपवली. माझं कारण असं नव्हतं.

हात महिन्याभरात बरा झाला. पण हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिला महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने घड्याळ काढलं आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले. टोरांटोहून मुलगा आला. माझ्याच वयाचा, आईसारख्याच जाड भुवयांचा माणूस. त्याच्याशी बोलायला आलेल्या समाजसेविकेने सांगितलं की आजार बराच पुढे गेला आहे. आधी कळलं असतं तर घरी मदतीला माणसं ठेवून, तिच्याच स्वयंपाकघरात तिला आणखी एखादं वर्ष राहता आलं असतं. आता एकटीला ठेवणं धोक्याचं आहे.

त्या दुपारी त्याने मला घरी बोलावलं. आम्ही त्याच टेबलाशी बसलो. शेगडीच्या मागच्या फरशीवर काळा डाग होता.

“तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?” त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, “ऑक्टोबरमध्ये. त्यांनी स्पॅगेटी मोडली.”

त्याला अर्थ सांगावा लागला नाही. तो तिचाच मुलगा होता. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि मला वाटलं तो रडतोय; पण हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते.

“मी डिसेंबरमध्ये विचारलं होतं.”

“हो.”

“मग?”

“मुलीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं,” मी म्हणाले. “त्यांनीही ‘सांगू नकोस’ म्हटलं होतं. पण खरं कारण पहिलं.”

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी वाट पाहिली, मग माझी मी घरी आले.

तिला वृद्धाश्रमात ठेवलं. जागा चांगली होती, गाडीने अर्ध्या तासावर. खिडकीतून शेत दिसायचं. मुलगा दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी यायचा. मी आणि मुलगी रविवारी जायचो, दुपारच्या जेवणाच्या वेळी, कारण त्या वेळी तिला जाग असायची. दुसऱ्या वर्षी तिला गिळायला त्रास व्हायला लागला. घशात अडकू नये म्हणून सगळं मऊ आणि बारीक करून द्यायचे. एका रविवारी पास्ता होता. छोट्या वाडग्यात, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे, वर पांढरा सॉस, सोबत चमचा. शेजारी झाकणाच्या प्लास्टिकच्या कपात दूध घातलेली कॉफी. केरळची एक सिस्टर होती, फार मायाळू; तिने माझ्या हातात चमचा दिला आणि म्हणाली, “तुम्ही भरवा, तुमच्या हातून खातील.”

मी भरवलं. नोन्नाने तोंड उघडलं आणि खाल्लं. सुरीने कापलेलं, चमच्याने भरवलेलं, जेवताना मधेच दुधाच्या कॉफीचा घोट. मी प्रत्येक घासाला वाट बघत होते, की आता ती माझा हात धरेल आणि चमचा काढून घेईल. तिने काढून घेतला नाही. वाडगा संपला तेव्हा तिने माझ्याकडे बघून मान हलवली, परक्या माणसाचे आभार मानताना हलवतात तशी.

मुलगी उठून बाहेर गेली. गाडीपाशी भिंतीला टेकून उभी होती. बारा वर्षांची, माझ्या खांद्याएवढी झालेली.

“तू आधी सांगितलं असतंस,” ती म्हणाली, इंग्रजीत, “तर ती अजून घरी असती.”

“थोडे दिवस असती.”

“थोडे दिवस तरी.”

त्यानंतर ती रविवारी माझ्याबरोबर यायची नाही. बसने एकटी जायची, शनिवारी. मी विचारलं तर सांगायची, ग्रँड.

नोन्ना गेली ती हिवाळ्यात, सकाळी, झोपेतच. मुलाने तिला तिच्या गावी, वडिलांना पुरलं होतं तिथे, न्यायचं ठरवलं. त्याआधी इथल्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. आम्ही तिघं गेलो. नवरा तोपर्यंत डब्लिनला परत आला होता, आणि मी शिफ्ट सोडून दिवसाचं काम घेतलं होतं. दोन वर्षं आधी मागितलं असतं तरी मिळालं असतं, हे मला ते मिळाल्यावर कळलं. चर्चमध्ये तिच्या जुन्या दुकानाच्या गावची माणसं आली होती. एक म्हातारा मला म्हणाला, “लहानपणी मी दर शुक्रवारी तिच्याकडून चिप्स घ्यायचो. कधी पैसे कमी असले तरी पुडी तेवढीच भरायची.” मी त्याला सांगितलं की मी शेजारीण. “मग तुम्ही तिच्या हातचं जेवला असाल,” तो म्हणाला. “आम्हाला कुणाला वर बोलावलं नाही कधी.”

मुलगा दारात सगळ्यांशी हात मिळवत होता. माझ्या मुलीला त्याने जवळ घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं. माझ्याशी हात मिळवला. “आल्याबद्दल आभार,” म्हणाला. एवढंच.

नंतर मी त्याला पत्र लिहिलं. ईमेल नाही, कागदावर. क्षमा मागितली नाही, कारण क्षमा मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. फक्त त्या पाच महिन्यांत मी काय काय पाहिलं ते लिहिलं, तारखा आठवतील तशा, आणि त्या प्रत्येक वेळी मी काय केलं तेही. त्याला ते माहीत असणं हा त्याचा हक्क आहे असं मला वाटलं. मुलीला वाचायला दिलं. तिने वाचलं, गॅस बंद केल्याच्या ओळीत खोडून ‘तीनदा’चं ‘दोनदा’ केलं आणि परत दिलं.

चार महिने उत्तर आलं नाही. मग एक कार्ड आलं, डोंगरातल्या एका गावाचं चित्र असलेलं. मागे लिहिलं होतं की पत्र पोचलं, वाचलं, पुन्हा वाचायला जमलेलं नाही. आईची जागा वडिलांच्या शेजारी आहे. ती जागा बघायला यायचं असेल तर गावातलं त्याच्या मावशीचं घर मोकळं आहे, किल्ली शेजारी असते.

फक्त मुलीला, की आम्हा दोघींना, ते त्यात स्पष्ट नाही. मुलगी म्हणते दोघींना. तिने उन्हाळ्याच्या सुट्टीतली विमानं बघून ठेवली आहेत. मी अजून रजा टाकलेली नाही.